उत्तर: उत्तर: संक्रांतीचा स्टॉल, हिमरूची जॅकेटं, नाड्या ठेवायच्या की काढायच्या?

स्टॉल कमिटी (सध्या परभणी):
माल तयार आहे. शिंपीमामा समोर बसलेत, आजच सांगायचंय. सोमवारी पार्सल टाकायचं. टोपीच्या नाडीला लाल-हिरवे गोंडे फार देखणे झालेत, माझं मत ठेवावेत. खजिनदारांनी रात्री नुसतं "थांबा" लिहिलंय. थांबा म्हणजे काय?

खजिनदार:
थांबा म्हणजे नाड्या नकोत. २ ते १२ मापाच्या मुलांच्या जॅकेटला टोपीशी किंवा गळ्याशी ओढायची नाडी चालत नाही. इथे अमेरिकेत कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशनने (वस्तूंची सुरक्षा बघणारी सरकारी संस्था) १९९६ सालीच सूचना काढल्या होत्या, २०११ पासून नियम आहे. सापडलं की रिकॉल. अजूनही हुड्या याच कारणावरून परत मागवल्या जातात. आणि माल बाहेरून आणतोय म्हणजे जबाबदार आपण, शिंपीमामा नव्हेत. कमरेची नाडी चालते (१६ मापापर्यंत नियम), पण कापड पूर्ण ताणल्यावर ३ इंचांपेक्षा जास्त बाहेर लोंबायला नको आणि टोकाला गाठ, मणी, गोंडा काही नको.

अण्णा:
लई झालं हे. आमच्या सेलूला डिसेंबरात अशी थंडी पडायची की पोरगं कुंचीतून काढायचं नाव नाही. गळ्याखाली नाडी बांधली की दिवसभर वाड्यात हुंदडायचं. कोणाला काय झालं? बिनगोंड्याच्या टोप्या गेल्या संक्रांतीला कशा पडून राहिल्या, आठवा. आणि स्टॉलची खरेदी स्टॉल कमिटीने बघायची असं गणपतीच्या मीटिंगमध्ये ठरलं होतं. खजिनदार मध्येच कुठून आले?

नांदेडच्या वैनी:
अण्णा, वाड्यात घसरगुंडी होती का? शाळेची बस होती का? घसरगुंडीच्या माथ्यावर कठडा आणि पत्रा जुळतो तिथे फट असते. गाठ किंवा गोंडा त्या फटीत जाऊन बसतो, पोरगं खाली सुटतं आणि सगळा भार गळ्यावर येतो. बसच्या दारात, दांडीच्या सांदीत तेच. माझ्या धाकट्याची कमरेची दोरी उतरताना दांडीत अडकली होती. ड्रायव्हरचं आरशात लक्ष होतं म्हणून बरं. कुंची तान्ह्या बाळाची, ते कुठे घसरगुंडीवर चढतंय? आणि झोपवताना आमची आजी नाडी सोडायचीच.

नवीन सदस्य:
विषय निघालाच आहे तर, मी जुन्या वस्तूंच्या टेबलासाठी दिलेला बाळाचा तिरका झोपाळा माईंनी परत का पाठवला? चांगला कोरा होता.

माई:
कोरा असू दे, रिकॉलच्या यादीत आहे. वस्तूंच्या सुरक्षेच्या २००८ च्या कायद्यापासून रिकॉल झालेली वस्तू विकता येत नाही, वापरलेलीसुद्धा. कमिशनच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून बघा, मग पाठवा. दर वर्षी मीच का बघायचं? टेबल माझं आहे, पण तपासणी देणाऱ्याने करावी. आणि बोरन्हाणात सुटा हलवा न् अख्खी बोरं दीड वर्षाच्या पोरांवर ओतू नका, हे कितव्यांदा लिहू. चुरमुरे ओता.

वैनी:
बोरं नसतील तर त्याला बोरन्हाण म्हणायचं कशाला?

स्टॉल कमिटी:
बोरांचं नंतर भांडा हो! मामा म्हणतात, "नाडी काढून टिचबटण लावतो, काहून येवढा इचार करायलाव?" लावू देऊ?

खजिनदार:
टिचबटणाला पुन्हा थांबा. कापडाला शिशाच्या चाचणीतून सूट आहे, धातूच्या बटणाला नाही. मर्यादा १०० पीपीएम, म्हणजे दहा लाखात शंभर भाग. परभणीच्या बाजारातल्या बटणाचा चाचणीचा कागद कोण देणार?

स्टॉल कमिटी:
मग हिमरूच्याच कातरणाची घुंडी आणि कापडी लूप. मामा तयार आहेत, पण वाढीव मजुरी मागतायत. ती स्टॉलच्या खात्यातून की जनरलमधून?

अण्णा:
ज्यांनी थांबवलं त्यांच्याकडून घ्या. गोंडे मात्र टाकू नका, वेगळे बांधून पार्सलात घाला. मोठ्यांच्या जॅकेटाला तर हा नियम नाही ना? खजिनदारांनी फक्त हो किंवा नाही लिहावं.