ठेकेदार नव्हता, म्हणून गवंडी मालक झाला का?

आडवाटेचा

कामगारपुत्र यांनी परवाच्या लेखात असे मांडले आहे की सोव्हिएत संघात आणि पूर्व युरोपात बांधकामावर ठेकेदार नव्हता, म्हणून मजुराची पिळवणूक नव्हती, आणि तेथे जे उभे राहिले ते नफ्यासाठी नव्हे तर गरजेसाठी उभे राहिले. त्या लेखाखाली दोन ओळी लिहून माझे समाधान होईना, म्हणून हा वेगळा धागा काढतो आहे.

ठेकेदार नव्हता, हे खरे आहे. त्याच्या जागी सरकारी बांधकाम संस्था होत्या, त्यांच्यावर मंत्रालये होती आणि सर्वांच्या वर गोसप्लान, म्हणजे मध्यवर्ती नियोजन समिती, होते. संस्थेने वर्षभरात किती रुबलचे काम केले, यावर तिचे यशापयश ठरत असे, आणि सगळ्या दुखण्याचे मूळ या मोजमापात आहे. पाया खणणे, खांब उभारणे आणि कारखान्यात ओतलेल्या भिंतींचे तयार पॅनेल चढवणे यांत यंत्रे, पोलाद आणि सिमेंट लागते, त्यामुळे थोड्या माणसांच्या श्रमात मोठी रक्कम खात्यावर पडते. दारे-खिडक्या बसवणे, नळ जोडणे आणि गिलावा करणे यांत माणसे फार लागतात आणि रक्कम किरकोळ पडते. साहजिकच जी ती संस्था नवा पाया खणण्यास उत्सुक असे आणि जुनी अर्धवट इमारत पूर्ण करण्यास नाखूश असे. अर्धवट बांधकामांचे हे ओझे इतके वाढले की जुलै 1979 मध्ये सरकारलाच ठराव करून मोजमाप पूर्ण झालेल्या वास्तूवर आणण्याचा प्रयत्न करावा लागला. सायबेरियातील बैकाल-आमूर रेल्वेचे रूळ जुळल्याचा सोहळा 1984 मध्ये झाला, पण 1977 मध्ये सुरू झालेला याच मार्गावरचा पंधरा किलोमीटरचा सेव्हेरोमुइस्क बोगदा वाहतुकीला खुला झाला तो 2003 मध्ये, म्हणजे ज्या राज्याने तो खणायला घेतला ते राज्य संपल्यानंतर बारा वर्षांनी.

याची किंमत मजुराने मोजली. महिन्याच्या आरंभी सिमेंट आलेले नसे, सळई आलेली नसे, आणि टोळी नुसती बसून राही. महिनाअखेरीस माल आला की रात्रपाळ्या लागत आणि सुट्टीच्या शनिवारी कामावर बोलावले जाई. आपल्याकडे मार्चअखेरीस सरकारी कामांची जी धांदल उडते, ती तेथे दर महिन्याला उडे आणि डिसेंबरात तर कळस गाठे. कडाक्याच्या थंडीत, ओल्या भिंतींवर रंग फासून, 31 डिसेंबरच्या आत इमारत ताब्यात दिल्याच्या कागदावर सह्या होत, आणि राहायला आलेले कुटुंब पहिले काही महिने आपल्याच नव्या घराची डागडुजी करत बसे.

शिवाय सक्तीच्या लष्करी सेवेसाठी बोलावलेल्या तरुणांपैकी अनेकांच्या हाती बंदुकीऐवजी फावडे देऊन त्यांना बांधकाम तुकड्यांत धाडले जाई. त्यांत मध्य आशियातील आणि कॉकेशसमधील मुलांचा भरणा मोठा होता. गुलाग, म्हणजे सक्तमजुरीच्या छावण्या, आणि 1931 ते 1933 या काळात कैद्यांकडून खणून घेतलेला बेलोमोर कालवा मी मुद्दाम बाजूला ठेवतो आहे, कारण त्यावर लगेच ‘तो स्टालिनचा काळ होता’ असे उत्तर येते. मी ब्रेझनेव्हच्या काळाबद्दल, म्हणजे त्या व्यवस्थेच्या भरात आलेल्या काळाबद्दल बोलतो आहे.

कामगारपुत्र

आपण अर्धवट इमारती मोजल्या, पण पूर्ण झालेल्या मोजल्या नाहीत. युद्धाने शहरेच्या शहरे बेचिराख झालेल्या देशाने 1957 च्या घरबांधणीच्या ठरावानंतर दर वर्षी वीस लाखांहून अधिक घरे बांधली. सामायिक सदनिकेतील एका खोलीत राहून एकाच स्वयंपाकघरात चार-चार कुटुंबांसह दिवस काढणाऱ्यांना स्वतःचे दार, स्वतःचे न्हाणीघर आणि स्वतःची चूल मिळाली. भाड्याचा दर 1928 मध्ये ठरला होता, आणि तो पुढची साठ वर्षे जवळजवळ तसाच राहिला. भिंतींना पोपडे आले असतील, पण त्या भिंतींच्या आड राहणारा माणूस उद्या घरमालक बाहेर काढील या भीतीने झोपत नव्हता.

माझे वडील मुंबईत बांधकामावर गवंडी होते. ज्या इमारतीला त्यांनी सज्ज्यापासून गच्चीपर्यंत गिलावा केला, तिच्या लिफ्टमध्ये त्यांना पुढे पाऊल ठेवू दिले नाही. परांचीवरून पडून त्यांचा सोबती गेला, तेव्हा ठेकेदाराने त्याचे नाव हजेरीपटावरच नसल्याचे सांगितले. त्या माणसाच्या विधवेला काय मिळाले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तेव्हा ओल्या रंगाच्या कथा मला सांगू नका.

मेघना (बर्लिन)

आपल्या वडिलांबद्दल मनात आदर ठेवूनच लिहिते, पण भिंतीआड राहणाऱ्या माणसाबद्दल आपण लिहिता आणि ती भिंत बांधणाऱ्याला विसरता. मी ज्या शहरात राहते तेथे आज कार्ल मार्क्स आले (जर्मन भाषेत ‘आले’ म्हणजे प्रशस्त रस्ता) नावाचा एक भव्य रस्ता आहे. 1953 मध्ये त्याचे नाव स्टालिनआले होते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कामगारांसाठी प्रासादतुल्य इमारती उभ्या राहत होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षाने ठरवले की कामाचा कोटा, म्हणजे मजुराने करायच्या कामाचे ठरलेले माप, किमान दहा टक्क्यांनी वाढवायचा, आणि तोही पक्षाचे प्रमुख उल्ब्रिख्त यांच्या साठाव्या वाढदिवसाच्या आत. मजुरी कोट्याशी बांधलेली होती, त्यामुळे कोटा वाढणे म्हणजे पगार कापला जाणे होते. जूनमध्ये सरकारने शेतकऱ्यांना, व्यापाऱ्यांना आणि चर्चला सवलती दिल्या, पण कोटा मात्र तसाच ठेवला, आणि 16 जूनच्या कामगार संघटनेच्या मुखपत्रात त्या कोट्याचे समर्थन छापून आले. कामगारांची संघटना कामगारांच्याच पगारकपातीची वकिली करत होती, हे नीट लक्षात घ्यावे.

त्याच दिवशी स्टालिनआलेवरचे गवंडी अवजारे खाली ठेवून मंत्रालयांच्या इमारतीवर चालून गेले. दुसऱ्या दिवशी देशभरात सातशेहून अधिक ठिकाणी लोक बाहेर पडले आणि त्यांच्यावर सोव्हिएत रणगाडे आणले गेले. नावानिशी नोंदलेले मृत्यू किमान पंचावन्न आहेत. आमच्या इमारतीतील एक आजी तेव्हा विटा वाहणाऱ्या टोळीत होत्या. त्या दिवसाबद्दल त्या फार बोलत नसत, पण ‘आम्ही राज्य मागायला गेलो नव्हतो, आमची मजुरी मागायला गेलो होतो’ एवढे त्यांनी मला एकदा बजावून सांगितले होते.

कामगारपुत्र

कोटावाढ सरकारने 16 जूनलाच मागे घेतली होती, हे आपण लिहिले नाही. पश्चिम बर्लिनच्या नभोवाणीने त्या संपाच्या बातम्या दिवसभर चालवून आगीत तेल ओतले, हेही लिहिले नाही.

मेघना (बर्लिन)

माघार घेतली, कारण हजारो माणसे दारात उभी होती. ज्या राज्यात कोटा कमी करण्यासाठी मंत्रालयावर चालून जावे लागते, तेथे संपाचा हक्क आणि खरी संघटना नव्हती, हाच माझा मुद्दा आहे. नभोवाणीने बातमी दिली म्हणून कोणी तापत्या उन्हात अवजारे टाकून चालू लागत नाही. आपल्या वडिलांच्या सोबत्याला न्याय मिळाला नाही, पण त्याबद्दल आपण आज उघडपणे लिहू शकता. त्या आजींना पस्तीस वर्षे तोंड बंद ठेवावे लागले.

तुळई

चर्चा मजुरीवर अडकली आहे, म्हणून कामाच्या दर्जाबद्दल लिहितो. 7 डिसेंबर 1988 रोजी आर्मेनियात स्पिताकजवळ 6.8 तीव्रतेचा भूकंप झाला आणि किमान पंचवीस हजार माणसे गेली. लेनिनाकान शहरात पूर्वनिर्मित सांगाड्याच्या, म्हणजे कारखान्यात ओतलेले खांब आणि तुळया जागेवर जोडून उभारलेल्या, नऊ मजली इमारतींपैकी निम्म्याहून अधिक जागच्या जागी बसल्या. खांब आणि तुळई यांच्या सांध्यांतील वेल्डिंग कच्चे होते, मजल्यांचे पोकळ स्लॅब एकमेकांना नीट बांधलेले नव्हते, आणि काँक्रीट निकृष्ट असल्याचे सोव्हिएत वृत्तपत्रांनीच लिहिले. सिमेंट बाजारात विकले जाई आणि मिश्रणात वाळू जाई. ही माणसे भूकंपाने नव्हे, कोट्याने मारली.

शरयू

तुळई यांचे शेवटचे वाक्य टाळ्या घेणारे आहे, पण चुकीचे आहे. त्याच लेनिनाकानमध्ये मोठ्या पॅनेलच्या इमारती त्याच भूकंपात जवळजवळ धडधाकट उभ्या राहिल्या. त्याही सरकारी संस्थांनीच, त्याच व्यवस्थेत आणि त्याच महिनाअखेरीच्या घाईत बांधल्या होत्या. म्हणजे प्रश्न संरचनेच्या प्रकाराचा आणि भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशाचा होता. त्या भागात जेवढा धक्का गृहीत धरून बांधकाम केले होते, त्यापेक्षा प्रत्यक्ष धक्का बराच मोठा होता. नकाशाची चूक साम्यवादाची नसते. 1993 च्या सप्टेंबरात किल्लारीला जी घरे कोसळली ती कोणत्या पंचवार्षिक योजनेने बांधली होती? मी त्या वेळी मदतकार्यासाठी तेथे गेले होते, आणि दगडमातीच्या ढिगाऱ्यांसमोर उभे राहून राज्यव्यवस्थेवर प्रवचन देण्याचा धीर मला आजही होत नाही.

तुळई

किल्लारीतली घरे लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या स्वतः, आपापल्या ऐपतीप्रमाणे बांधली होती. लेनिनाकानची घरे अभियंत्यांनी आराखडा काढून, सरकारी शिक्क्यानिशी, सुरक्षित म्हणून लोकांना दिली होती. या दोन गोष्टी एका तराजूत घालू नका.

नकाशाबद्दल बोलायचे तर मी स्वतः 1980 च्या दशकात सोव्हिएत संघात स्थापत्य अभियांत्रिकी शिकलो आहे. एका पूर्वनिर्मित भागांच्या कारखान्यात आम्हाला प्रात्यक्षिकासाठी पाठवले होते. शहराचे नाव मी देणार नाही, कारण तेथील माणसांनी मला जेवू घातले आहे. पुस्तकात आम्ही शिकलो होतो की भाग साच्यातून काढण्यापूर्वी काँक्रीटला ठरावीक ताकद यावी लागते. महिन्याच्या अखेरीस साचे रिकामे हवेत म्हणून ते भाग वेळेआधीच काढले जात, कडा तुटलेले तुकडे सरळ मालमोटारीत चढत, आणि तपासनीसाची सही आधीच झालेली असे, कारण तपासनीसाचा बोनस त्याच योजनेवर अवलंबून होता. मी प्रश्न विचारला तेव्हा पर्यवेक्षकाने शांतपणे सांगितले की हे तुकडे परत केले तर साइटवरची टोळी आठवडाभर बसून राहील आणि तिची मजुरी बुडेल. तो वाईट माणूस नव्हता. तो आपल्या लोकांचा पगार वाचवत होता. नकाशा बरोबर असता तरी तो तुकडा तसाच गेला असता.

शरयू

एका कारखान्यातील तुमच्या अनुभवावरून तुम्ही हजारो मैल दूरच्या शहरातील मृत्यूंचे कारण ठरवता, आणि मला तराजू शिकवता! पॅनेलच्या इमारती उभ्या राहिल्या, याचे उत्तर तुम्ही अजूनही दिलेले नाही.

तुळई

देतो. पॅनेलच्या इमारतीत पूर्ण भिंतच भार पेलते, त्यामुळे दहा सांधे कच्चे निघाले तरी बाकीचे सावरून घेतात. सांगाड्याच्या इमारतीत तेवढी सवलत नसते. ज्या संरचनेला हलगर्जीपणा चालतो ती वाचली, ज्या संरचनेला नेमकेपणा लागतो ती गेली. यावरून व्यवस्था निर्दोष ठरत नाही. धक्का गृहीत धरला होता त्याहून मोठा होता, एवढा तुमचा मुद्दा मी मान्य करतो, त्यापलीकडे एक अक्षरही नाही.

आडवाटेचा

भूकंपाने मूळ प्रश्न झाकून टाकला, तो पुन्हा समोर आणतो. फेब्रुवारी 1979 मध्ये, म्हणजे स्फोटाच्या सात वर्षे आधी, गुप्त पोलिसांचे, म्हणजे केजीबीचे, प्रमुख आंद्रोपोव्ह यांनी चेर्नोबिल अणुवीज केंद्राच्या बांधकामाबद्दल पक्षाच्या मध्यवर्ती समितीला टिपण पाठवले होते. दुसऱ्या अणुभट्टीच्या बांधकामात खांब आखलेल्या रेषेपासून शंभर मिलिमीटरपर्यंत सरकल्याचे त्यात नोंदले होते, आणि 1978 च्या पहिल्या नऊ महिन्यांत त्या साइटवर 170 माणसे जखमी झाल्याचेही नोंदले होते. 1986 चा स्फोट या खांबांमुळे झाला नाही, तो अणुभट्टीच्या रचनेमुळे आणि त्या रात्रीच्या चाचणीमुळे झाला, हे मला ठाऊक आहे. मी स्फोटाबद्दल नव्हे, त्या जखमी माणसांबद्दल बोलतो आहे. त्यांची गणती गुप्त पोलिसांच्या टिपणात होते आणि वर्तमानपत्रात होत नाही, मग त्यांच्यासाठी कोण भांडणार? कामगारपुत्रांच्या वडिलांचा सोबती हजेरीपटावर नव्हता. ही माणसे पटावर होती, पण तो पट तिजोरीत होता.

आणि तेथील गवंडी आळशी होता असे मी कधीच म्हटले नाही, कोणी तसे म्हटले तर मी त्याच्याशीही भांडेन. निकोलाय झ्लोबिन या बांधकाम मुकादमाच्या टोळीने 1970 मध्ये मॉस्कोजवळच्या झेलेनोग्राडला पायापासून किल्ली हाती देण्यापर्यंतचे संपूर्ण काम ठरलेल्या रकमेत आणि मुदतीत अंगावर घेतले आणि मुदतीआधी पूर्ण केले. ही पद्धत देशभर नेण्याचे ठरले, पण टोळीने शब्द पाळला तरी माल वेळेवर पोहोचवण्याचा शब्द वरचे कोणी पाळत नव्हते, आणि तो मोडल्याबद्दल वरच्यांना दंडही नव्हता. उन्हाळ्यात खेडोपाडी सामूहिक शेतांवर गोठे बांधायला जाणाऱ्या खाजगी टोळ्यांचेही तसेच. त्यांत शिक्षक असत, अभियंते असत, आर्मेनियातून आलेले गवंडी असत. त्या उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत राबत, ठोक रक्कम घेत, आणि सरकारी संस्थेने वर्षानुवर्षे रखडवलेले काम एका हंगामात उरकत. वर्तमानपत्रे त्यांना लोभी म्हणत आणि शेतांचे अध्यक्ष त्यांना गुपचूप बोलावत. माणसे तीच, हात तेच.

कामगारपुत्र

मेघना यांचा संघटनेबद्दलचा मुद्दा मला खोडता येत नाही, आणि तो मी खोडणारही नाही. जी संघटना पगारकपातीचे समर्थन छापते तिला मी संघटना म्हणत नाही, मग तिचा झेंडा कोणत्याही रंगाचा असो. 170 जखमींचा मुद्दाही गंभीर आहे.

पण आडवाटेचा, आपले शेवटचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. उजाडल्यापासून अंधारापर्यंत राबणारी, विम्याविना, पटाविना, ठोक रकमेवर ठेवलेली टोळी आम्ही मुंबईच्या नाक्यांवर रोज पाहतो. तिने गोठा लवकर बांधला म्हणून आपण तिचे कौतुक करता, पण त्या टोळीतला एखादा परांचीवरून पडला तर त्याचे काय होत असे, हे आपण लिहिले नाही. आणि भाड्याच्या मुद्द्याला तर या संपूर्ण धाग्यात कोणी हात लावलेला नाही. ज्या घरांना आपण सगळे मिळून नावे ठेवत आहात, ती मॉस्को महापालिकेने 2017 मध्ये पाडायला घेतली, तेव्हा अनेक रहिवासी ती पाडू नयेत म्हणून रस्त्यावर उतरले होते. त्यांचे म्हणणे काय होते, ते आधी कोणीतरी लिहावे, मग पुढे बोलू.