परीक्षण छान आलं आणि तिथूनच नायिकेचं बिघडायला लागलं. मदत हवी आहे

मंडळी, नमस्कार. मी एका संगीत नाटकाला ऑर्गनची साथ करतो. नाटक नवं आहे, सध्या दौऱ्यावर आहोत. नाव देत नाही, कारण प्रश्न आमच्या नायिकेचा आहे आणि ती अवघी विशीची आहे.

तिसऱ्या प्रयोगाला एका दैनिकाचे समीक्षक आले होते. रविवारच्या पुरवणीत अर्धं पान छापून आलं. बाकीच्यांना एकेक ओळ, हिला दोन परिच्छेद. त्यातही सगळा भर दुसऱ्या अंकातल्या शेवटच्या पदावर. ओळ अर्ध्यात सोडून ती गप्प उभी राहते ती जागा त्यांना फार आवडली.

खरं सांगायचं तर त्या दिवशी ती गप्प राहिली कारण नवऱ्याचं काम करणारा नट विंगेतून आलाच नव्हता. त्याचा फेटा सुटला होता. मी षड्ज धरून बसलो, तबलजी माझ्याकडे बघतोय, आणि ही शांतपणे दाराकडे बघत उभी. घाबरली नाही, भूमिका सोडली नाही. नाटकातही ती तेव्हा नवऱ्याचीच वाट बघत असते, त्यामुळे समीक्षकांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. जे दिसलं ते सुंदरच होतं.

पण आता ती रोज थांबते. फेटेवाला विंगेत तयार उभा असतो, तरी थांबते. आधी दोन आवर्तनांइतकं होतं, परवा मनात मोजलं तर सहा झाली. शिवाय आता दाराकडे बघत नाही, प्रेक्षकांत बघते. मागून खोकल्याचे आवाज येतात. निर्मात्यांनी परीक्षणातलं त्या जागेबद्दलचंच वाक्य जाहिरातीत टाकलंय, म्हणजे आता ते सुटणं आणखी कठीण.

परीक्षणात ज्याबद्दल अक्षरही नाही ते वेगळंच आहे. पहिल्या अंकात ती गद्यातून पदात शिरते ते कळतच नाही. संवादाचा शेवटचा शब्द जिथे टेकतो तिथूनच पद उचलते, मला सूर द्यावा लागत नाही. भलेभले इथे संवाद संपवतात, घसा खाकरतात, पेटीवाल्याकडे बघतात आणि मग गातात. हिला ते उपजत आहे. दुसऱ्या अंकाच्या नादात हल्ली तेही अधूनमधून निसटतंय.

दिग्दर्शक मुंबईत, दौऱ्यावर नाहीत. मी तिच्या वडिलांपेक्षा मोठा, पण शेवटी वादक. सांगू का? आणि सांगायचं तर कसं?

तिसरी घंटा: दिग्दर्शकांना फोन करा. साथीदार नायिकेला अभिनय सांगायला गेला की कंपनीत दोन तट पडतात. अनुभव आहे.

रांग ब: टाळ्या पडतायत ना? मग राहू द्या की. बालगंधर्वांचे प्रयोग वन्समोअर घेत घेत पहाटेपर्यंत चालायचे.

विंगेतली मावशी: ब रांग, ते वन्समोअर लोक मागायचे. इथे लोक खोकतायत. आणि बालगंधर्वांचंच काढलंत म्हणून सांगते, १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आले तेव्हा जेमतेम १७ वर्षांचे होते, टिळकांनी दिलेलं नाव आधीच लागलेलं. तरी पुढे गायनाचे गुरू भास्करबुवा बखल्यांसमोर तालमीला बसलेच. कौतुक झालं म्हणून शिकवणारा कान सुटला नव्हता.

काका, परीक्षणाचा विषयच काढू नका. "ते चुकून झालं होतं" असं म्हणालात तर माझं सगळंच चुकून झालं असं तिला ऐकू येईल. मी बारा वर्षं नायिका केल्या, विशीत तसंच ऐकू येतं. थांबू नकोस असंही सांगू नका. फेटेवाल्याला सांगा, रोज वेगळ्या वेळी ये. एखाद्या दिवशी लगेच, एखाद्या दिवशी उशिरा. तो कधी येणार हे ठाऊक नसलं की ती आपोआप दाराकडे बघेल. पहिल्यांदा जमलं ते त्यामुळेच तर जमलं.

आणि पहिल्या अंकातलं ते उचलणं. तिला कधी सांगितलंत का? समीक्षक एकदा ऐकून गेले, तुम्ही रोज ऐकता.

धागाकर्ता: नाही सांगितलं. आमच्या वेळी साथीदार "ठीक" म्हणाला की तेच बक्षीस असायचं.

तिसरी घंटा, तुमचंही ऐकावं लागतंय. फेटेवाला म्हणतो, मुद्दाम उशिरा यायचं तर दिग्दर्शकांची परवानगी हवी, नाहीतर उद्या एन्ट्री चुकवली म्हणून बोलणी मलाच बसतील. बरोबर आहे त्याचं. रात्री फोन करतोय.

पहिल्या अंकाचं मात्र आज बसमध्ये तिच्या शेजारी बसून सांगून टाकलं. ती म्हणाली, "काका, मी कुठून उचलते?" तिला पत्ताच नव्हता. मग कागद काढून शब्द लिहून घेतला, खाली दोन रेघा मारल्या. मावशी, आता हेही मुद्दाम करायला लागली तर काय करू?