नोकरी दमवणारी, मूल लहान: तुमच्या घरी हे कसं जमतं?

मी सीए, मुलगी दीड वर्षाची. सप्टेंबर म्हणजे टॅक्स ऑडिट, ३० तारखेची मुदत आणि रात्री उशिरापर्यंत ऑफिस. नवराही सीए, फर्म एकच, मुदतही तीच. पण "कसं गं सांभाळतेस?" हे फक्त मला विचारतात.

खरं उत्तर असं आहे की आमच्याकडे सकाळी साडेआठला मावशी येतात. त्यांचा पगार आम्ही घराच्या हप्त्याच्याही आधी काढून ठेवतो. त्यांचा स्वतःचा मुलगा त्या वेळात शेजारणीकडे असतो, हेही इथे लिहिलं पाहिजे. म्हणून धागा काढतेय. कौतुक नको, तपशील हवेत: मूल कुणाजवळ असतं, ते आजारी पडलं की रजा कोण टाकतं, काय मागे पडलं. बाबांनीही लिहा.

स्त्रीरोग विभाग, निवासी डॉक्टर

पीजीच्या दुसऱ्या वर्षात मुलगा झाला. रजा संपवून परतले ती थेट लेबर रूममध्ये. इमर्जन्सीचा दिवस सकाळी आठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी राउंड उरकला की संपतो. मधे झोप मिळाली तर मिळाली.

दुधाचं नीट सांगते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. ड्यूटी रूमचं दार लावून पंपाने दूध काढायचं, बाटलीवर तारीख-वेळ लिहायची आणि फ्रिजमध्ये ठेवायची. काढलेलं दूध साध्या तापमानाला चार तास टिकतं, फ्रिजमध्ये चार दिवस. गॅसवर उकळायचं नाही, बाटली कोमट पाण्यात धरायची. सासूबाईंना हे पटायला वेळ लागला, दूध न उकळता द्यायचं म्हणजे काय! मग त्या इतक्या तयार झाल्या की वाटी-चमच्याने एक थेंब सांडायचा नाही.

सिझेरियन लांबलं की छाती दगडासारखी व्हायची. गाठी होऊन ताप आला, त्या तापातही ओपीडी केली. तिथे समोरच्या प्रत्येक आईला सांगत होते, सहा महिने फक्त अंगावरचं दूध. माझा मुलगा तेव्हा पाच महिन्यांचा, तीस किलोमीटरवर. रजेइतकी टर्म पुढे गेली, बॅचबरोबर परीक्षा देता आली नाही. त्याचं वाईट वाटलं, अजून वाटतं. आमची सिस्टर मात्र हाकलायची, "मॅडम, टाके होईपर्यंत मी बघते, तुम्ही पंप करून या." माझ्या डिग्रीत तिचा वाटा आहे.

एसटी वाहक, मराठवाडा

डॉक्टर ताई, दगडासारखी म्हणालात ते वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे मोठ्या स्टँडवर हिरकणी कक्ष असतो, बाळाला पाजायची खोली. पण गाडी दहा मिनिटं थांबणार, त्यात कंट्रोलरकडे नोंद करायची, तिकिटाचा हिशेब बघायचा. बसायचं कधी? मूल लहान असताना सगळ्यात अवघड मुक्कामी गाडी. दुसऱ्या गावात रात्र काढायची आणि पहाटे तीच गाडी घेऊन परत. माझी जाऊ तिच्या लेकीबरोबर माझ्या लेकीलाही अंगावर पाजायची. आज दोघी एका वर्गात आहेत. जावेच्या शेतातल्या खुरपणीला सुट्टीच्या दिवशी मी जाते. ते उपकार फेडणं नाही, आमचा व्यवहारच तसा आहे.

एक बाबा, पुणे

बायको पोलीस उपनिरीक्षक. गणपतीचे दहा दिवस आणि विसर्जनाचा बंदोबस्त, तेव्हा ती घरी फक्त युनिफॉर्म बदलायला येते. मी बँकेत आहे. शाळेत पहिला फोन करायला माझा नंबर दिलाय, तरी ताप आला की फोन तिलाच जातो, आणि ती मिरवणुकीच्या ढोलांत उभी असते. शाळेला तीनदा पत्र दिलं, चौथं देणार आहे. राज्य सरकारी नोकरीतल्या महिलांना मूल १८ वर्षांचं होईपर्यंत एकूण १८० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. ती आम्ही दहावीसाठी न ठेवता आत्ताच वापरतोय, कारण मुलगी आत्ता लहान आहे.

म्युनिक

इथे मूल एक वर्षाचं झालं की पाळणाघराच्या जागेवर त्याचा कायदेशीर हक्क असतो, २०१३ पासून. पालकभत्त्याचे बारा महिने दोघांनी वाटून घेतले तर चौदा होतात, त्यामुळे नवऱ्याने दोन महिने रजा घेतली आणि त्याच्या ऑफिसात कुणाला नवल वाटलं नाही. तरीही शहरात प्रत्यक्ष जागा मिळायला आम्हाला झगडावं लागलं. आई व्हिसावर तीन महिने आली होती, ती गेली तो आठवडा मी कधी विसरणार नाही.

हिंजवडी, आयटी

मी कंत्राटावर आहे, सातवा महिना सुरू आहे. एजन्सी म्हणते पगारी रजा फक्त कायम कर्मचाऱ्यांना. अमेरिकेच्या टीमबरोबरचे कॉल हिवाळ्यात आणखी तासभर उशिरा जातात, तेही चालूच आहेत. खरंच रजा नाही का?

कामगार कायद्याची वकील

आहे. कंत्राटी असलात तरी आहे. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की पुरे. २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, त्यातले जास्तीत जास्त आठ प्रसूतीआधी. परतल्यावर मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन जादा सुट्ट्या. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी आणि तिथे दिवसातून चारदा जाता आलं पाहिजे. या रजेत कामावरून काढणं बेकायदेशीर आहे. तोंडी काही बोलू नका. अर्ज लेखी द्या, ईमेलवर द्या, नेमणुकीचं पत्र आणि पगाराच्या स्लिपा जपून ठेवा.

हिंजवडी, आयटी

अर्ज आज रात्रीच्या कॉलआधी पाठवते. उत्तर आलं की इथेच लिहीन.