सिकलसेल : हायड्रॉक्सीयुरिया दहावरच ठेवायचं की वाढवत न्यायचं?

गोमाईकाठ

नंदुरबार, शिरपूर, चोपडा, यावल हा सगळा सातपुड्याचा पायथा. इथे भिल्ल-पावरा वस्तीतल्या सिकलसेलच्या (लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकतात तो आनुवंशिक आजार) मुलांना त्यावरचं नेहमीचं औषध, हायड्रॉक्सीयुरिया, लिहून दिलं जातं, ही चांगलीच गोष्ट. माझी तक्रार डोसबद्दल आहे. वजनाच्या किलोमागे १० मिग्रॅने सुरुवात करायची आणि पुढे वर्षानुवर्षं तीच चिठ्ठी चालू ठेवायची, ही रीत आता सोडायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधार सांगतो. युगांडातल्या १८७ मुलांवरची चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली. एका गटाला सुमारे २० मिग्रॅ हा ठरावीक डोस दिला. दुसऱ्या गटाचा डोस रक्ततपासणी बघत वाढवला आणि तो सरासरी साडेएकोणतीसपर्यंत गेला. हिमोग्लोबिन ९ किंवा फीटल हिमोग्लोबिन (गर्भातल्या बाळाचं हिमोग्लोबिन, जे या औषधाने वाढतं) २० टक्के, यातलं एक तरी उद्दिष्ट वाढत्या डोसच्या गटात ८६ टक्के मुलांनी गाठलं, ठरावीक डोसच्या गटात ३७ टक्क्यांनी. रक्त चढवायची वेळ जवळपास एक तृतीयांशावर आली, भरती एक पंचमांशावर. आणि विषारी परिणाम वाढले नाहीत. ही चाचणी काही श्रीमंत देशातली नव्हती. मलेरियाही आपल्यापेक्षा जास्त.

पद्धत अशी. मुलाला १५ ते २० मिग्रॅवर सुरू करा, दर चार आठवड्यांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करा. दर आठ आठवड्यांनी किलोमागे ५ मिग्रॅ वाढवा, ३५ च्या वर जाऊ नका. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी; हे औषध त्या कमी करतं) २००० ते ४००० मध्ये आले की थांबा. प्लेटलेट ८०,००० च्या खाली गेल्या किंवा न्यूट्रोफिल घसरले, तर औषध बंद, दर आठवड्याला सीबीसी. आकडे सावरले की ५ मिग्रॅ कमी करून पुन्हा सुरू.

मोलगीघाट

पद्धत पुस्तकात बरोबर आहे. आमच्या घाटात ती तशी चालत नाही, आणि कारण फक्त रस्त्यांचं नाही.

पहिला मुद्दा जनुकांचा. आपल्याकडचा सिकलसेल मुख्यतः अरब-भारतीय हॅप्लोटाइपचा, म्हणजे त्या जनुकीय वाणाचा. त्यात फीटल हिमोग्लोबिन मुळातच जास्त असतं. औषध सुरू व्हायच्या आधीच वीस टक्क्यांच्या आसपास असलेली मुलं आपल्याकडे असतात. मग ‘२० टक्के गाठले’ हे युगांडाचं यश आपल्याला काय सांगतं? त्यांचं उद्दिष्ट म्हणजे आपल्या काही मुलांची सुरुवातीची पातळी.

दुसरा मुद्दा, आपल्याच राज्यातला पुरावा. नागपूरच्या मुलांवरचा अभ्यास २०१२ मध्ये आला. तीव्र त्रास असलेली मुलं, १० मिग्रॅ ठरावीक डोस, समोर प्लासिबो (औषध नसलेली गोळी) गट. कळा, रक्त चढवणं, भरती हे तिन्ही ठळकपणे कमी झालं. शिवाय नायजेरियात ‘स्प्रिंग’ नावाच्या, २०२२ च्या चाचणीत मेंदूचा झटका टाळण्यासाठी १० आणि २० मिग्रॅ समोरासमोर ठेवले. झटक्यांच्या प्रमाणात फरक आढळला नाही.

तिसरा, प्लीहा. सिकलसेलमध्ये प्लीहा लहानपणीच आक्रसते असं पाठ्यपुस्तक सांगतं. आपल्या मुलांत ती मोठी होऊन बराच काळ तशीच राहते. मोठी प्लीहा पेशी अडवून धरते, म्हणून प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी आधीच कमी दिसतात. अशा मुलाला न्यूट्रोफिल २०००-४००० च्या चौकटीत बसवायला गेलात तर तुमचा डोस १५ वरच अडेल, किंवा उगाच औषध बंद-चालू होत राहील. आईबापाला ते बंद-चालू कळत नाही. त्यांना एवढंच कळतं की डॉक्टरांनीच गोळी बंद केली.

दहावर चालणारं औषध उपकेंद्रातून देता येतं, दर तीन महिन्यांनी एक सीबीसी पुरते. मला दहा मुलांना वाढवलेला डोस देण्यापेक्षा शंभर मुलांना साधा डोस नियमित द्यायला आवडेल.

गोमाईकाठ

फीटल हिमोग्लोबिनचा मुद्दा मान्य, अगदी बिनशर्त. तो आकडा आपल्याकडे उद्दिष्ट म्हणून वापरू नये. पण रक्त चढवणं आणि भरती यांना हॅप्लोटाइपची सबब लागत नाही. प्लीहाही मान्य. पोट तपासून प्लीहा बरगडीखाली किती बोटं आहे ते प्रत्येक भेटीत लिहावं, आणि मोठी प्लीहा असलेल्यांना वेगळं काढावं. त्यांच्यासाठी सगळ्यांना दहावर का अडवायचं?

स्प्रिंगमध्ये प्रश्न झटक्याचा होता आणि दोन्ही गटांचे डोस ठरावीक होते. डोस वाढवून काय होतं हे ती चाचणी विचारतच नाही.

आता तुमच्या ‘साध्या’ डोसचं गणित करू. कॅप्सूल ५०० मिग्रॅची. १८ किलोच्या मुलाला दहाच्या हिशेबाने रोज १८० मिग्रॅ, म्हणजे आठवड्याला १२६०. अडीच कॅप्सूल! अर्धी कॅप्सूल घरी कशी करणार? त्याच मुलाला वीसने दिलं तर आठवड्याला २५२०, म्हणजे पाच कॅप्सूल : सोमवार ते शुक्रवार रोज एक, शनिवार-रविवार सुट्टी. आश्रमशाळेतल्या अधीक्षकांनाही लक्षात राहील. पंचवीस किलोच्या मुलाला पंचवीसने द्यायचं तर आठवड्याला नऊ : पाच दिवस एक, दोन दिवस दोन. आठवड्याच्या एकूण बेरजेवर डोस बसवला की कॅप्सूल फोडावी लागत नाही.

आणि वजन. १५ किलोचं मूल दीडशे मिग्रॅवर सुरू केलं, तीन वर्षांत २२ किलोचं झालं, चिठ्ठी तीच. डोस सातच्या खाली गेला. मग ‘औषध लागू पडत नाही’ असा शेरा कागदावर येतो. दोष औषधाचा नव्हता.

जांभळंझाकण

प्रयोगशाळेच्या बाजूने. तुम्ही दोघं न्यूट्रोफिलच्या ज्या आकड्यावर भांडताय, तो आकडा कसा येतो ते आधी बघा.

ग्रामीण रुग्णालयातला थ्री-पार्ट काउंटर (पांढऱ्या पेशींचे तीनच ढीग करणारं मशीन) न्यूट्रोफिल वेगळे मोजत नाही. तो ग्रॅन्युलोसाइट म्हणून एकत्र ढीग दाखवतो. सिकलसेलच्या रक्तात केंद्रक असलेल्या लाल पेशी असतात, त्या मशीन पांढऱ्या पेशींत धरतं. मशीनने पांढऱ्या पेशी १२,००० सांगितल्या आणि काचपट्टीवर शंभर पांढऱ्या पेशींमागे अशा २० लाल पेशी दिसल्या, तर खरा आकडा १२,००० गुणिले १०० भागिले १२०, म्हणजे १०,०००. डोस वाढवायचा असेल तर काचपट्टीवर हाताने मोजलेला डिफरन्शियल (पांढऱ्या पेशींच्या प्रकारांची टक्केवारी) हवाच. पांढऱ्या पेशी ५,२०० आणि न्यूट्रोफिल ३५ टक्के असतील तर १,८२०. या आकड्यावर डोस वाढवायचा नाही.

ईडीटीएची (रक्त गोठू न देणारी) नळी मे महिन्यात धडगावहून नंदुरबारला बिनथंडाव्याने आली आणि दुसऱ्या दिवशी मशीनवर लागली, तर लाल पेशी फुगतात आणि एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) खोटा वाढतो. औषधाने एमसीव्ही वाढतो, म्हणून ते नियमित घेतलं की नाही हे आपण त्यावरून ताडतो, म्हणजे न घेणाऱ्यालाही शाबासकी मिळते. काचपट्टी तिथेच, रक्त काढल्यावर लगेच ओढा. नळी थंड डब्यात ठेवा, पण बर्फाला टेकवू नका. चोवीस तासांच्या आत लावा.

उलटीही चूक होते. आपल्याकडे अल्फा थॅलॅसेमिया (लाल पेशी लहान ठेवणारा आनुवंशिक दोष) आणि लोहाची कमतरता दोन्ही बरेच. त्यामुळे एमसीव्ही सुरुवातीलाच ७० असतो आणि औषध नीट घेऊनही ८२ पर्यंतच जातो. ‘शंभर नाही म्हणजे गोळ्या फेकल्या’ असा आरोप आईवर करू नका. पहिल्या दिवसाचा आकडा कार्डावर ठळक लिहा आणि वाढ तेवढी मोजा.

तापीवाचक

बाहेरचा प्रश्न, पण मनापासून. क्रिस्परचा (जनुक कापून बदलण्याचा) उपचार आला, रोगच बरा होतो असं वाचलं. मग दहा की वीस यावर इतका वेळ का?

गोमाईकाठ

त्या उपचाराला, कॅसजेव्हीला, ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने त्याच डिसेंबरात मान्यता दिली. रुग्णाच्याच मूळपेशी काढून, फीटल हिमोग्लोबिन दाबून ठेवणाऱ्या बीसीएल११ए जनुकाचा नियंत्रक भाग कापतात, त्यामुळे फीटल हिमोग्लोबिन पुन्हा वाढतं. परिणाम खरोखर भक्कम आहेत. पण ती मान्यता बारा वर्षांपुढच्यांसाठी, पेशी परत घालण्याआधी बुसल्फान या केमोच्या औषधाने अस्थिमज्जा रिकामी करावी लागते, वंध्यत्वाचा धोका, आठवडेच्या आठवडे वेगळ्या खोलीत, आणि अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकशास्त्र संशोधन संस्थेत देशी उपचारावर काम चालू आहे, ते यशस्वी व्हावं अशी माझी तळमळीची इच्छा आहे. तोवर अक्कलकुव्यातल्या चार वर्षांच्या मुलीकडे कॅप्सूल आहे.

पाड्यावरची सिस्टर

दोन्ही डॉक्टरांना एक सांगते. घरात कॅप्सूल फोडून पाण्यात कालवतात. हे पेशी मारणारं औषध आहे. गरोदर आईने पावडरीला हात लावू नये, वाटी-चमचा वेगळा ठेवावा, आणि शक्यतो लहान मुलांसाठी द्रव औषध किंवा १०० मिग्रॅचा पर्याय मागवून घ्यावा. मुलगी वयात आली की गर्भनिरोधनाबद्दल तिच्याशी, तिच्या आईसमोर नव्हे तर एकटीशी, बोलावं. मूल हवं असेल तर तीन महिने आधी डॉक्टरांना विचारून औषध थांबवायचं, गुपचूप नाही.

पाच वर्षांखालच्या मुलांचं पेनिसिलिन या चर्चेत कुणीच काढलं नाही. तीन वर्षांपर्यंत १२५ मिग्रॅ दोन वेळा, पुढे २५० दोन वेळा. डोस दहा असो की तीस, ताप ३८.५ च्या वर गेला की घरी पॅरासिटामॉल देऊन वाट बघायची नाही.

आणि स्थलांतर. दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला बारडोली-सुरतेकडे जातात, भोंगऱ्या बाजाराला (होळीआधीचा आदिवासी बाजार), होळीला परततात. मधल्या चार-पाच महिन्यांची सीबीसी कोण करणार?

मोलगीघाट

सिस्टरांनी नेमकं बोट ठेवलं. गोमाईकाठ, कॅप्सूलचं गणित मी मान्य करतो. दहावर अडून राहण्यात अर्थ नाही, पंधरा-वीसला सुरुवात करायला माझी हरकत उरली नाही. पण डोस वाढवायचा तो होळी ते दिवाळीच्या काळातच, त्यातही जुलै-ऑगस्टात अक्राणीचे (धडगाव तालुक्याचे) रस्ते बंद असताना नाही. म्हणजे हाताशी दोन पायऱ्या, फार तर तीन. परतल्यावर भोंगऱ्याच्या आठवड्यात पहिली सीबीसी, वजन, प्लीहा. निघताना मात्र मी पंचवीसवरच्या मुलाला पंधरावर आणीन.

गोमाईकाठ

दोन-तीन पायऱ्यांचं वेळापत्रक मला पटतं. निघताना उतरवणं पटत नाही. उसाच्या फडात पाणी कमी, पहाटेची थंडी, अंगमेहनत. कळा येण्याचा काळ तोच. डोस आठ आठवडे स्थिर असेल आणि शेवटच्या दोन सीबीसी चांगल्या असतील, तर तोच डोस पुढे चालू ठेवून कार्डासह कॅप्सूल सोबत द्याव्यात, आणि मध्ये एकदा मुक्कामाजवळच्या सरकारी दवाखान्यात सीबीसी करायची चिठ्ठी गुजरातीतही लिहून द्यावी.

मोलगीघाट

आणि ती सीबीसी झाली नाही तर? पंचवीस मिग्रॅ, पाच महिने, न्यूट्रोफिल सहाशे, आणि ताप आला तर मुकादम ट्रॅक्टर देईल तेव्हा दवाखाना. मी पंधरावरच आणीन.