मदत हवी आहे: सल्लागारीचा नवा व्यवसाय, ओळखी वाढताहेत पण कामं येत नाहीत

नमस्कार मंडळी,

नोकरी सोडून स्वतंत्र सल्लागार म्हणून काम सुरू केलंय. लहान कारखान्यांचं गोदाम आणि साठा हे माझं क्षेत्र. डेड स्टॉक (न खपणारा माल) किती पडून आहे, कोणता माल कधी मागवायचा, खात्यातला आकडा आणि रॅकवरचा माल का जुळत नाही, हे बघून घडी बसवून द्यायची. पहिलं काम जुन्या साहेबांच्या ओळखीतून मिळालं, ते नीट पार पडलं. पुढे मात्र गाडी हलत नाहीये.

जो तो म्हणतो, ओळखी वाढव. म्हणून एकमेकांना कामं मिळवून देणाऱ्या एका रेफरल गटाच्या बैठकीला पाहुणी म्हणून जाऊन आले. दर आठवड्याला भल्या सकाळी भेटायचं, एका व्यवसायाचा एकच सभासद, प्रत्येकाने उभं राहून मिनिटभर बोलायचं. माझं बोलून झाल्यावर शेजारचे गृहस्थ कौतुकाने म्हणाले, "म्हणजे तुम्ही सॉफ्टवेअर विकता तर!" विमावाले, छपाईवाले, इंटिरियरवाले, सगळी माणसं चांगली होती. कारखानदार एकही नव्हता. वर वर्षाची फी आहेच.

लिंक्डइनवर नेमाने लिहिते. लाइक देणारे बहुतेक माझ्यासारखेच सल्लागार, त्यामुळे एकमेकांची पाठ थोपटण्यापलीकडे काही घडत नाही. खरी गरज असलेले लोक "दहा मिनिटं बोलू या का" म्हणून फोन करतात, तासभर सगळं विचारून घेतात आणि गायब होतात.

गटाची फी भरावी का? लिंक्डइनवर कारखान्याच्या मालकांपर्यंत पोचायचं कसं? आणि फुकट सल्ला कुठे थांबवायचा? स्वतः यातून गेलेल्यांनी सांगितलं तर फार बरं होईल.

प्रतिसाद १

गटात गिऱ्हाईक शोधू नका. तुमच्या गिऱ्हाइकांचे नंबर कुणाच्या फोनमध्ये आहेत ते बघा. बीएनआय नावाची अशा गटांची मोठी संस्था १९८५ पासून एका व्यवसायाचा एकच सभासद याच नियमावर चालतं, पण तो एकेक सभासद कोण, यावर सगळं अवलंबून. रॅक विकणारे, फोर्कलिफ्ट भाड्याने देणारे, पॅकिंगचं सामान पुरवणारे, स्टॉक ऑडिट करणारे सीए, ही माणसं रोज कुणाच्या ना कुणाच्या गोदामात उभी असतात. यातलं कुणी गटात नसेल तर फी वाचवा आणि त्यांना थेट भेटा.

जुन्या, विरळ ओळखीही सोडू नका. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारलं होतं, की त्या माणसाशी तुमची गाठ किती वेळा पडायची? 'नेहमी' म्हणणारे सुमारे १७ टक्केच निघाले. बाकीच्यांची भेट अधूनमधून किंवा क्वचितच व्हायची. नोकरी आणि सल्लागारी एक नव्हे, हे कबूल. तरी जुन्या कंपनीचे पुरवठादार आणि ट्रान्सपोर्टवाले यांना एकेक फोन करायला काय हरकत आहे?

आणि ते मिनिटभराचं भाषण बदला. ऐकणाऱ्याला ओळखता येईल अशी खूण द्या: "कुणी मालक वैतागून म्हणाला की सिस्टीममध्ये दाखवतंय पण माल सापडत नाही, तर त्याला माझा नंबर द्या." मग सॉफ्टवेअरवाली कुणी समजणार नाही.

प्रतिसाद २

गटाबाबत वरच्यांशी पूर्ण सहमत नाही. मला अशा गटातून कामं मिळाली आहेत, पण लोकांचा विश्वास बसायला बरेच महिने गेले. तेवढा दम आणि पैसा हाताशी असेल तरच पडा. आधी दोन-तीन सभासदांना बाजूला घेऊन विचारा, "मागच्या वर्षी इथून काय मिळालं?"

लिंक्डइनवर स्वतःच्या भिंतीवर लिहिण्यापेक्षा खरेदी आणि उत्पादन सांभाळणाऱ्यांच्या पोस्टखाली मुद्द्याचं लिहा. मालक तिथे क्वचित बोलतात, त्यांचे मॅनेजर बोलतात.

फोनचं म्हणाल तर काय बिघडलंय ते फुकट सांगायचं, कसं दुरुस्त करायचं त्याचे पैसे. अर्ध्या तासाची वेळ आधीच ठरवा. त्याच दिवशी एक पानी मेल धाडा: काय ऐकलं, काय करीन, किती दिवस, किती फी. पळणारे तिथेच पळतात.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. रॅकवाल्यांचं डोक्यातच आलं नव्हतं, उद्यापासून फोन सुरू. पण एक शंका: ते गिऱ्हाइकामागे कमिशन मागतील ना? ते दिलं आणि उद्या मीच त्या गिऱ्हाइकाला नवे रॅक घ्यायला सांगितलं, तर माझ्या सल्ल्यावर तो विश्वास का ठेवील? तुम्ही हे कसं सांभाळता?