‘लेगसी’ला मराठीत काय म्हणावं?

टाकदौत: हायपरव्हायजर, म्हणजे एका संगणकात अनेक आभासी संगणक (व्हीएम) चालवणारी प्रणाली, तिच्या मार्गदर्शिकेचं मराठी करतोय. ‘लेगसी नेटवर्क अडॅप्टर’पाशी (जुन्या पद्धतीचं आभासी नेटवर्क कार्ड) गाडी अडली आहे. ‘वारसा अडॅप्टर’ म्हटलं की वेरूळची लेणी आठवतात. ‘जुनाट’ चालेल?

शून्यएक: जुनाट नको. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही या हायपरव्हायजरमधलं ते अडॅप्टर म्हणजे डीईसी २११४० या जुन्या नेटवर्क कार्डाची नक्कल. पहिल्या पिढीची व्हीएम नेटवर्कवरून बूट करायची तर तेच लागतं, साध्या अडॅप्टरवर होत नाही. ज्याच्यावाचून अडतं ते जुनाट कसं? ‘पूर्वापार’ बघा.

शुद्धाक्षरी: ‘परंपरागत’ म्हणा. ‘वारसा’ तसाही अरबीतून आलेला.

शून्यएक: ‘अडॅप्टर’ खपलं आणि ‘वारसा’ परका?

गावठाण: शेतात वहिवाटीचा रस्ता असतो ना, नकाशात नसला तरी बुजवता येत नाही. पीसीचे जुने पोर्ट, म्हणजे उपकरणांचे ठरलेले पत्ते, तसेच. हेक्समध्ये (सोळा अंकांच्या मोजणीत) पहिला सिरियल ३एफ८, कीबोर्ड ६०, आयडीई (जुनी डिस्क-जोडणी) १एफ०. जुनी ओएस काही न विचारता थेट तिथे जाते. संगणकाची नक्कल करणाऱ्या क्यूईमूचं ‘पीसी’ मशीन म्हणूनच अजून १९९६चा ४४०एफएक्स चिपसेट वठवतं. तेव्हा ‘वहिवाटी अडॅप्टर’! वहिवाट म्हणजे वाहती वाट.

शुद्धाक्षरी: या व्युत्पत्तीला आधार काय?

गावठाण: कानाला पटते.

निळापडदा: काहीही लिहा, फक्त ‘कालबाह्य’ नको, वाचक ते बंद करून मोकळा होईल. विंडोज एक्सपीची जुनी डिस्क क्यूईमूच्या नव्या क्यू३५ मशीनला एएचसीआयवर (नवी डिस्क-जोडणी) जोडली की बूट होतानाच निळा पडदा, कोड ७बी, म्हणजे बूटची डिस्कच सापडत नाही. एक्सपीत एएचसीआयचा ड्रायव्हरच नसतो. म्हणून डिस्क आयडीईवर, नेटवर्क कार्ड आरटीएल८१३९, फर्मवेअर (मशीन सुरू करणारा प्रोग्राम) सीबायोस हा बायोस ठेवा. ओव्हीएमएफ हे नवं यूईएफआय फर्मवेअर लावलंत तर ३२ बिटी एक्सपी उठणारच नाही, तिला बायोसच लागतो.

शून्यएक: वहिवाट जपायची किंमतही पडते. २०१५चा ‘व्हेनम’ हा सुरक्षा-दोष क्यूईमूच्या फ्लॉपी कंट्रोलरमध्ये होता. फ्लॉपी जोडलेली नसली तरी कंट्रोलर आत असायचाच. हायपर-व्हीच्या दुसऱ्या पिढीत आयडीई आणि फ्लॉपी दोन्ही काढलेत, पण मग विंडोज ७ तिथे चालत नाही.

टाकदौत: म्हणजे मी ‘लेगसी’च ठेवू?

शुद्धाक्षरी: आधी ‘फ्लॉपी’ बदला. ‘लवचीक तबकडी’.

निळापडदा: साडेतीन इंचीचं कवच तर कडक असतं.

शुद्धाक्षरी: लवचीक आतली चकती. नाव तिचं आहे, डबीचं नाही.

गावठाण: मग ‘चकती’ की ‘तबकडी’?