बित्तोचं नाव कुणाचं? (डोंगरातलं चीज आणि 'श्रीमंतांचे चोचले')

घाटवाट
काल शेजारच्या धाग्यावर हिशेबनीस यांनी लिहिलं: "इटलीतल्या डोंगरी चीजला सरकारी पैसा देणं म्हणजे करदात्याच्या खिशातून श्रीमंतांच्या जिभेचे चोचले पुरवणं. ज्याला बाजारात गिऱ्हाईक नाही ते मरू द्यावं. चवीचं चीज कारखानाही करतो." तिथे दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

मी बर्गामोत राहतो. इथून उत्तरेला ओरोबी आल्प्सची धार ओलांडली की वाल्तेल्लिना लागतं. तिथल्या जेरोला आणि अल्बारेदो या दोन खोऱ्यांचं चीज म्हणजे बित्तो. उन्हाळ्यात गुरं आणि माणसं वरच्या कुरणांत जातात. दूध खाली आणायचं नाही. कुरणातच दगडी आडोसे असतात, त्यांना 'कालेच' म्हणतात. त्यावर कापड ताणायचं आणि धारेची ऊब दुधात आहे तोवरच कढईत रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं द्रव्य, घालायचं. गाईच्या दुधात ओरोबिका शेळीचं थोडं दूध. गुरांना बाहेरचा खुराक नाही, दुधाला पाकिटातलं विरजण नाही. हे चीज दहा वर्षंसुद्धा मुरतं.

१९९६ साली बित्तोला युरोपचा डीओपी दर्जा मिळाला, म्हणजे ठरलेल्या भागात, ठरलेल्या रीतीने केलेल्या चीजलाच ते नाव. पण हद्द आखली, ही दोन खोरी ज्यात येतात त्या सबंध सोंद्रिओ प्रांताची. पुढे नियम सैल झाले, खुराक चालेल, तयार विरजण चालेल. मूळ खोऱ्यांतल्या लोकांनी ते मानलं नाही आणि ते बाहेर पडले. मग त्यांनाच 'बित्तो' हे नाव लिहायला बंदी! २०१६ पासून ते 'स्तोरिको रिबेल्ले' म्हणून विकतात. गिऱ्हाईक होतंच, आजही आहे. काढून घेतलं ते नाव. यात बाजाराने काय ठरवलं, ते हिशेबनीस यांनी सांगावं.

हिशेबनीस
तुमचा राग नावावर आहे, माझा मुद्दा पैशाचा होता. पार्मिजानो रेज्जानो हे चीज घ्या. वर्षाला चाळीस लाखांच्या आसपास चाकं (चीजचे गोल गड्डे), एकेक चाक चाळीस किलोंचं, त्यामागे साधारण साडेपाचशे लिटर दूध. आणि तरीही दूध कच्चं, कढई तांब्याची, गाईला मुरघास बंद, मुरवणं किमान १२ महिने. आकार वाढला की परंपरा बुडते हे कुणी सिद्ध केलं?

'शाश्वत' म्हणता, तर हिशेब करा. डोंगरातली गाय दूध कमी देते, म्हणजे लिटरमागे मिथेन जास्त. आणि इटलीच्या सार्डिनिया बेटावरचं २०१९ आठवा. मेंढपाळांनी दुधाचे कॅन रस्त्यावर ओतले, कारण लिटरला ६० सेंटच्या आसपास दर मिळत होता आणि मागणी एक युरोची होती. लहान उत्पादक, जुनी विद्या, मेंढ्यांवर माया, सगळं होतं. दर नव्हता.

मोदेनाकर
हिशेबनीस, पार्मिजानोचं उदाहरण तुमच्या बाजूचं नाही. ती चाळीस लाख चाकं एका कारखान्यातून निघत नाहीत. तीनशेच्या आसपास चीजघरं आहेत, त्यांतली बरीच सहकारी, दूध घालणारेच मालक. सहकाराचं महत्त्व महाराष्ट्रातल्या माणसाला मी काय सांगू.

तिथलीही मूळ लाल गाय, रेज्जाना, जायच्या बेतात होती. जास्त दूध देणारी काळीपांढरी फ्रिजियन आली आणि १९८० च्या दशकात रेज्जाना हजाराच्या खाली गेल्या. १९९१ पासून काही जणांनी फक्त लाल गाईंच्या दुधाचं चीज वेगळं विकायला घेतलं, किमान २४ महिने मुरवून, चढ्या दराने. गाय वाचली ती त्या दरामुळे. तुमच्या भाषेत बाजारामुळेच म्हणा, पण तो बाजार कुणीतरी हाताने उभा केला.

आणि एक गोष्ट कुणीच बोलत नाही म्हणून मी बोलतो. पो खोऱ्यातल्या, म्हणजे उत्तर इटलीच्या सपाटीवरच्या, गोठ्यांत पहाटे धारा काढणाऱ्यांत पंजाबी माणसं किती आहेत बघा. तिथल्या नोव्हेल्लारा गावात २००० सालापासून मोठा गुरुद्वारा आहे, तो उगाच नाही. माझा शेजारी जालंधरचा. सणवार, आजारपण, काही असो, पहाटेची पाळी चुकत नाही. पाकिटावर मात्र पांढऱ्या मिशांचा इटालियन आजोबा. परंपरा टिकवणाऱ्यांत या माणसाचं नाव कधी येणार?

ताकपिठी
मोठमोठ्या गोष्टी चालल्या आहेत, पण रेनेट कशाचं हे कुणी सांगत नाही. पार्मिजानोत वासराच्या पोटातलं, पेकोरिनो रोमानो या मेंढीच्या दुधाच्या चीजमध्ये कोकराच्या. नियमानेच. आपल्याकडच्या एका इटालियन हॉटेलात मी तीनदा विचारलं, वेटरने तीनदा "मॅडम, प्युअर व्हेज" सांगितलं. घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं. आईला सांगायची हिंमत आजही झालेली नाही. असली परंपरा जपायला हवी की थांबवायला?

रानवारा
मी पशुवैद्यक, सांगली जिल्ह्यातला. रेनेटसाठी वासरू मारत नाहीत, ताई. दूध हवं तर गाय विली पाहिजे, आणि निम्मी वासरं नर होणार. तिकडे ती मांसाला जातात, चौथं पोट उरतं, त्यातून रेनेट निघतं. आपल्याकडे काय होतं? संकरित गाईचं खोंड औताला चालत नाही. २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर ते विकायचीही सोय उरली नाही. मग रात्री गावाबाहेर सोडून देतात किंवा दूध न पाजता मरू देतात. मी बघितलंय. चहातल्या दुधावर हिरवा ठिपका लावून ते खोंड अदृश्य होत नाही.

ताकपिठी
दूध पिते म्हणून मला तोंड उघडायचा हक्क नाही, हे मी प्रत्येक धाग्यावर ऐकते आणि आता वीट आलाय. मी कत्तलबंदी मागितली का? मला काय खाऊ घालताय ते सांगा, एवढंच मागितलं. आणि परंपरेतच पर्याय आहे, तुम्हाला माहीत नसेल तर वाचा. रोमच्या आसपास काचोफियोरे नावाचं चीज करतात. मेंढीचं कच्चं दूध, आणि ते घट्ट करायला रानकाट्याच्या जातीच्या कार्दोची फुलं. पहिल्या शतकातल्या कोलुमेल्लाने शेतीवरच्या ग्रंथात काट्याच्या फुलांनी आणि अंजिराच्या चिकाने दूध घट्ट करायचं लिहून ठेवलंय. म्हणजे वासराच्या पोटाशिवाय इटलीत चीज नव्हतं असं नाही.

रानवारा
काचोफियोरे मऊ असतं, महिना-दोन महिन्यांत खायचं. वनस्पतीचं रेनेट लांब मुरणाऱ्या चीजला लावलं तर प्रथिनं वेगळी तुटतात, कडवटपणा येतो. बुरशीपासूनच्या रेनेटचंही तेच. बाकी हॉटेलवाल्याने खोटं सांगितलं ते चूकच, त्यावर माझा वाद नव्हता.

ताकपिठी
तर मग ते आधी लिहायचं होतं, चहाकडे वळायच्या आधी.

हिशेबनीस
धागा चीजच्या अर्थकारणाचा होता. खोंडांसाठी दुसरा काढा.

रानवारा
खोंडाचं काय करायचं हेच दुधाचं अर्थकारण आहे, साहेब. तुम्हाला लिटरमागचा मिथेन मोजता येतो, मेलेलं वासरू मोजता येत नाही?

घाटवाट
रानवारा, हे बरोबर आहे, पण मला सार्डिनियाकडे परत जाऊ द्या. त्या मेंढपाळांतले बहुतेक जण दूध विकत होते, चीज नाही. पेकोरिनो रोमानोचा भाव पडला की कारखाने दुधाचा दर पाडतात आणि मेंढपाळाला दुसरीकडे जाता येत नाही. म्हणजे विद्या होती पण माल स्वतःच्या हातात नव्हता. हिशेबनीस, हे उदाहरण माझंच आहे.

मिथेनचं म्हणाल, तर कुरणातून फक्त दूध निघत नाही. चराई थांबली की झुडपं चढतात, फुलांचं गवत जातं. न कापलेलं लांब गवत आडवं पडतं आणि हिवाळ्यात बर्फाचा थर त्यावरून घसरतो. खालच्या गावाला हे विचारा. पो खोऱ्याची हवा युरोपातल्या सर्वांत वाईट हवेत मोडते आणि त्यात दाटीच्या गोठ्यांतल्या अमोनियाचा वाटा आहे. तो तुमच्या लिटरमागच्या हिशेबात कुठे धरलात?

आणि 'मरू द्यावं' बद्दल. पिएमोंतेच्या बोर्बेरा खोऱ्यात मोंतेबोरे नावाचं चीज आहे, लहानमोठ्या चकत्या एकावर एक रचलेलं. १९८२ साली ते बंद पडलं. १९९९ मध्ये स्लो फूड या पारंपरिक अन्न जपणाऱ्या चळवळीच्या लोकांनी ते पुन्हा सुरू केलं, कारण कृती हाताला ठाऊक असलेली एक म्हातारी अजून होती. ती नसती तर उद्या कितीही गिऱ्हाईक आलं असतं, विकायला काय ठेवलं असतं?

हिशेबनीस
बित्तोच्या नावाबद्दल मान्य. मूळ खोऱ्याला स्वतःचं नाव लिहू न देणारा नियम वाईट आहे. पण त्यावरून चीजला अनुदान सिद्ध होत नाही. कुरणाने गाव वाचत असेल तर कुरण राखायचे पैसे द्या, हेक्टरवर, मोजून. मग त्या दुधाचं त्यांनी चीज करावं की लोणी, तो त्यांचा प्रश्न. आणि वर जायला तरुण मुलं तयार आहेत का, हे कुणीच सांगितलं नाही.

घाटवाट
हेक्टरवर पैसे दिले की जमीन मोठी त्याची चंगळ. खालच्या सपाटीवरचे मोठे गोठेवाले डोंगरातली कुरणं कागदावर भाड्याने घेतात, अनुदान खिशात घालतात, आणि वर गाय चढतच नाही. इटलीत याला 'कुरणांचे माफिया' म्हणतात, इतकं ते उघड आहे. म्हणून मी म्हणतो, जो वर राहून दूध काढतो आणि तिथेच चीज करतो त्याला द्या.

मोदेनाकर
आणि मुलं तयार आहेत का, याचं उत्तर वर दिलंय. जालंधरची आहेत. त्यांना पगार नीट द्या, भागीदार करून घ्या.

हिशेबनीस
कागदावरच्या कुरणांचं मला पटतंय. बाकीचं नाही.

ताकपिठी
मला अजून कुणी सांगितलं नाही की दुकानात ओळखायचं कसं.

घाटवाट
पाकिटावर नुसतं 'काल्यो' असेल तर बहुधा प्राण्याचं रेनेट समजा. 'काल्यो वेजेताले' लिहिलं असेल तर वनस्पतीचं. पार्मिजानो, ग्राना पादानो, पेकोरिनो रोमानो यांच्यात वनस्पतीचं कधीच नसतं, तिथे विचारायचीही गरज नाही.